तारीख आधी की नदी आधी? फ्लाय फिशिंगच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

गाइड घेऊन फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे पकडायला, जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेकांनी साहित्याविषयी कमी आणि महिन्याविषयी अधिक विचारले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण रॉड कितीही उत्तम असला आणि गाइड कितीही अनुभवी असला, तरी नदी फुगलेली आणि गढूळ असेल तर दोघांचेही फारसे चालत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ती सर्व ट्राउट या थंड पाण्यातील माशाला धरून आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पुढील वर्षी गाइडसोबत चार दिवसांची सहल आखत आहोत. रजा आधी मंजूर करून घ्यावी लागत असल्याने तारखा आताच पक्क्या करायच्या आहेत. एका जाणकाराने सांगितले, मे-जून उत्तम. दुसऱ्याने सांगितले, मे-जूनमध्ये चुकूनही जाऊ नका. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, त्यांनी वेगवेगळ्या नद्या डोळ्यांसमोर ठेवून सल्ला दिला असेल, इतकेच. महिना चांगला की वाईट हे त्या नदीत पाणी कोठून येते यावर ठरते, म्हणून तारखेच्या आधी नदीची जात विचारावी.

डोंगरावरील बर्फावर पोसलेल्या आणि वाटेत धरण नसलेल्या नदीचे सगळे वर्ष बर्फ वितळण्याभोवती फिरते. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांत अशा नद्यांचे पाणी साधारणपणे मे महिन्यात चढू लागते, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी कळस गाठते आणि जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला निवळते. चढलेल्या पाण्यात गाळ असतो, वाहून आलेले ओंडके असतात आणि मासे मुख्य धार सोडून काठाशी दबून बसलेले असतात. हिमालयातील नद्यांना बर्फ आणि मोसमी पाऊस असे दोन पूर लागोपाठ येतात. त्यामुळे तेथे बर्फ जोरात वितळण्याआधीचा वसंत आणि पाऊस ओसरल्यानंतरची शरद अशा दोन फटी उरतात, आणि हिमनदीतून येणारा प्रवाह असेल तर भर उन्हाळ्यात खडकाच्या बारीक पिठामुळे पाणी राखाडी दिसते. न्यूझीलंडमध्ये ऋतूच उलटे आहेत. तेथील अनेक नद्यांचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० एप्रिलला संपतो.

दुसरी जात धरणाखालच्या नदीची. जलाशयाच्या खोल थरातून सोडलेले पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात त्या मानाने उबदार असते, शिवाय गाळ जलाशयातच बसून राहिल्याने ते स्वच्छ असते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न किंवा होल्टर धरणाखालची मिसुरी, आणि न्यू मेक्सिको राज्यात नवाहो धरणाखालची सॅन वान या नद्यांची ख्याती याच कारणाने आहे. बर्फाचे प्रमाण फार असलेल्या वर्षी याही नद्यांत मोठा विसर्ग सोडावा लागतो, पण पाणी वाढले तरी ते बहुधा निवळशंख राहते आणि काठाकाठाने किंवा बोटीतून मासेमारी करता येते. तिसरी जात झऱ्यांवर पोसलेल्या लहान नद्यांची. त्यांचे पाणी आणि तापमान वर्षभर जवळजवळ सारखे असते, परंतु तेथील संथ, पारदर्शक पाण्यात मासा माणसाला दुरूनच पाहतो, आणि नवशिक्याची तेथे परीक्षाच होते.

आता आपल्या प्रश्नाकडे. आपल्या तारखा हलू शकत नाहीत, तेव्हा आपण धरणाखालची नदी निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे. बर्फाळ नदीच हवी असेल, तर पाणी निवळण्याच्या नेहमीच्या तारखेनंतर किमान दोन-तीन आठवडे सोडून रजा घ्यावी. कारण कळसाची तारीख एका वर्षात आणि दुसऱ्या वर्षात काही आठवड्यांनी पुढेमागे होते, आणि जूनअखेरीला पैज लावणे हे रजेचे पत्र आधी देणाऱ्यांचे काम नव्हे.

प्रश्न : आमच्या गाइडने कळवले आहे की, निघण्यापूर्वी महिनाभर नदीच्या मापन केंद्राचे आकडे पाहत राहा. तेथे क्युसेकमध्ये आकडा आणि वरखाली जाणारी रेघ दिसते. नेमके किती क्युसेक असले म्हणजे नदी मासेमारीला योग्य समजावी?

उत्तर : असा एक आकडा नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. पाचशे क्युसेक हा एखाद्या ओढ्याला पूर असतो आणि मोठ्या नदीला दुष्काळ. म्हणून आकडा नुसता वाचू नये. त्याच तारखेच्या दीर्घकालीन मध्यकाशी ताडून पाहावा. अमेरिकेत भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या आलेखांवर हा मध्यक प्रवाहाच्या रेघेसोबतच पाहता येतो. मध्यकाच्या आसपास असलेली नदी बहुधा गाइडच्या ओळखीच्या रूपात असते, म्हणजे कोणत्या डोहात आणि कोणत्या खडकामागे मासा असेल हे त्याला ठाऊक असते.

आकड्याहून अधिक सांगते ती रेघेची चाल. रोज थोडी थोडी उतरणारी रेघ सर्वांत आश्वासक; पाणी निवळत जाते आणि मासे आपापल्या नेहमीच्या जागी परततात. एकाएकी उभी चढलेली रेघ दिसली, तर वर कोठेतरी जोराचा पाऊस झाला आहे किंवा उष्ण दिवसांची लाट आली आहे असे समजावे. वसंतात काही नद्यांच्या आलेखाला करवतीसारखे दाते दिसतात, रोज एक चढ आणि एक उतार. याचे कारण सरळ आहे. उंचावरील बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो आणि ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे उगमाजवळ चढ संध्याकाळी येतो, तर बरेच खाली तो मध्यरात्री किंवा पहाटेही येऊ शकतो. आपण ज्या टप्प्यावर उतरणार आहात तेथील उतार दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, हे आठवडाभराचा आलेख पाहून कळते आणि पहाटे निघायचे की उशिरा, हे त्यावरून ठरवता येते.

धरणाखालच्या नदीचा आलेख याहून वेगळा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो. तेथे वीजनिर्मितीसाठी विसर्ग तासातासाला बदलू शकतो, आणि कोरड्या दिसणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर गेलेला माणूस पाणी चढल्यावर पलीकडे अडकू शकतो. विसर्गाचे वेळापत्रक कोठे जाहीर होते आणि भोंगा वाजतो का, हे गाइडला विचारून घ्यावे.

दोन आकडे आणखी पाहावेत. एक म्हणजे पाण्याचे तापमान, ज्याविषयी पुढे लिहिले आहे. दुसरा आकडा हिवाळ्याच्या शेवटी पाहायचा असतो, तो म्हणजे पाणलोट क्षेत्रातील बर्फात किती पाणी साठले आहे. पश्चिम अमेरिकेत डोंगरांवर बसवलेली स्नोटेल नावाची स्वयंचलित केंद्रे हे मोजतात आणि ते १९९१ ते २०२० या काळातील मध्यकाच्या टक्केवारीत सांगितले जाते. एप्रिलच्या सुरुवातीला हे प्रमाण बरेच जास्त असेल तर पूर लांबेल आणि उन्हाळ्याच्या शेवटीही पाणी टिकेल. बरेच कमी असेल तर नदी लवकर निवळेल, पण ऑगस्टमध्ये पाणी आटून तापण्याचा धोका राहील. तेव्हा सहल जुलैत असो की सप्टेंबरमध्ये, तिचे भवितव्य एप्रिलमध्ये बरेचसे दिसू लागते.

प्रश्न : सहलीच्या आठवड्यात पाऊस असेल तर रद्द करावी का?

उत्तर : शक्यतो नाही. ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस ही ट्राउटसाठी उत्तम हवा आहे. विशेषतः बेटिस जातीच्या लहान मेफ्लाय (ट्राउटचे खाद्य असलेले जलकीटक) अशाच दिवशी मोठ्या संख्येने पाण्यावर येतात. पाण्यात दोन फुटांपर्यंत दिसत असेल तर काळजी नको. दृश्यता फुटाच्या आत आली, तर गाइड मोठ्या, गडद रंगाच्या स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या नकली माश्या काढेल आणि काठालगत टाकायला लावेल. रद्द करण्याचा विचार मुसळधार पाऊस, विजा किंवा वितळत्या बर्फावर पडणारा पाऊस यांचा अंदाज असेल तरच करावा. विजा चमकत असताना नऊ फुटांचा ग्रॅफाइटचा रॉड हातात धरून पाण्यात उभे राहणे हा निव्वळ वेडेपणा आहे, मासे कितीही खात असले तरी.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला उत्तर गोलार्धात ऑगस्टमध्येच जाता येते. काही नद्यांवर दुपारी मासेमारी बंद ठेवतात असे वाचले. हे कशासाठी, आणि मग पूर्ण दिवसाचा गाइड घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : ट्राउटला थंड पाणी लागते ते मुख्यतः ऑक्सिजनसाठी. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो; २० अंशांना हेच प्रमाण सुमारे ९.१ मिलिग्रॅमवर येते. त्याच वेळी पाणी तापल्याने माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. अशा पाण्यात गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो, आपण त्याला काळजीपूर्वक सोडतो, तो पोहत दिसेनासा होतो आणि नंतर मरू शकतो. सोडताना तो धडधाकट दिसला म्हणून तो वाचला असे धरून चालता येत नाही.

मोंटानामध्ये यासाठी केलेल्या बंदीला ‘हूट आउल’ म्हणतात. नदीचे कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सियसला पोहोचले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा निर्णय तेथे घेतला जाऊ शकतो. संध्याकाळ थंड वाटते तरी ती वेळही बंदीत का, असे पुष्कळांना वाटते. हवा निवते तेव्हा नदी अजून तापलेलीच असते. तिचे तापमान दुपारनंतर उशिरा कळसाला जाते आणि पहाटे सर्वांत खाली येते. माझ्या मते बंदी जाहीर होण्याची वाटही पाहू नये. खिशात लहानसा थर्मामीटर ठेवावा, तो उन्हातल्या उथळ काठावर न लावता वाहत्या धारेत सावलीच्या बाजूने मिनिटभर धरावा, आणि २० अंश दिसले की रॉड आवरावा.

ऑगस्टमध्ये पूर्ण दिवस घेण्यापेक्षा पहाटेपासून दुपारपर्यंतचा अर्धा दिवस घ्यावा, आणि तोही उंचावरच्या ओढ्यावर किंवा धरणाच्या अगदी खाली, जेथे पाणी थंड राहते. ऑगस्ट टाकाऊ नाही, हेही सांगायला हवे. काठाच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात आणि ट्राउट त्यांवर बेधडक तुटून पडतो. नवशिक्या मुलांना पाण्यावर तरंगणारी मोठी माशी दिसतेही चांगली. मात्र पाणी कमी आणि स्वच्छ असल्याने लीडर (मुख्य दोरीपुढचा पारदर्शक दोरा) लांब, बारा फुटांच्या आसपास हवा, टिपेट (त्याचा माशीकडचा शेवटचा भाग) बारीक हवा, आणि चालताना सावली डोहावर पडू देऊ नये. टिपेटच्या जाडीविषयी एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे : ११ मधून टिपेटवर छापलेला एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते, म्हणजे ४ एक्स हा ०.००७ इंचाचा आणि ६ एक्स ०.००५ इंचाचा.

प्रश्न : सॅल्मनफ्लाय पाण्यावर येण्याचा प्रसिद्ध आठवडा साधून जाणे शहाणपणाचे आहे का? की तो केवळ गाइड लोकांचा प्रचार आहे?

उत्तर : प्रचार नव्हे, पण जुगार आहे. सॅल्मनफ्लाय ही मोठ्या आकाराची स्टोनफ्लाय, म्हणजे नदीत वाढणारा एक कीटक. तिची निम्फ (पंख फुटण्यापूर्वीची अवस्था) नदीच्या तळच्या दगडांखाली तीन ते चार वर्षे काढते आणि पाणी साधारण १० ते १३ अंश सेल्सियसला स्थिर होऊ लागले की सरपटत काठावर येते. सकाळी काठच्या विलोच्या झुडपांवर आणि खडकांवर पाठीवर चीर गेलेल्या रिकाम्या कातींची रांग दिसते. नारिंगी पोटाचे, दोन इंची पंखधारी किडे फांद्यांना लटकलेले असतात आणि वाऱ्याची झुळूक आली की पाण्यात टपटप पडतात. त्यांच्यासाठी मोठमोठे ट्राउट, जे एरवी तळ सोडत नाहीत, तेही पृष्ठभागावर येतात. मोंटानातील मॅडिसन नदीवर हे सहसा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला घडते.

अडचण अशी की, खालच्या टप्प्यातील पाणी आधी तापत असल्याने ही लाट रोज काही किलोमीटर प्रवाहाच्या उलट वर सरकते. थंडीची एक झोत आली तर ती थबकते, आणि तिची वेळ पुराच्या शेपटाशी जुळत असल्याने पाणी अजून गढूळ असण्याची शक्यता असते. शिवाय लाटेच्या ऐन मध्यावर माशांचे पोट इतके भरलेले असते की, आपली नकली माशी हजार खऱ्या माश्यांमधली एक ठरते; म्हणून जाणते गाइड बोट लाटेच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला नेतात. बोटींची गर्दी तर असतेच. पहिल्याच सहलीसाठी मी हा आठवडा सुचवणार नाही. त्याऐवजी नदी निवळल्यावरचे पुढचे दोन-तीन आठवडे घ्यावेत, कॅडिस नावाचे जलकीटक आणि लहान स्टोनफ्लाय तेव्हा रोजच असतात आणि पाण्याची शाश्वतीही अधिक.

प्रश्न : माझी पत्नी आणि मी दोघेही साठी ओलांडलेले आहोत. पोहता येते, पण वाहत्या पाण्यात उभे राहण्याची भीती वाटते. कोणत्या ऋतूत गेलो तर पाण्यात उतरणे सुरक्षित असेल?

उत्तर : उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि शरदाचा आरंभ, म्हणजे पाणी सर्वांत उतरलेले असते तेव्हा. तरीही ऋतूवर न विसंबता मोजून पाहावे. नदीचे मोजमाप करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये एक नियम रूढ आहे : खोली फुटांत आणि वेग सेकंदाला किती फूट, यांचा गुणाकार दहापर्यंत गेला तर पाण्यात उतरू नये. वेग काढण्यासाठी काठाने बारा फूट अंतर मोजावे आणि काटकी टाकून किती सेकंदांत ते पार होते ते पाहावे. तीन सेकंद लागले तर वेग चार फूट झाला. तेथे अडीच फूट, म्हणजे मांडीपर्यंतचे पाणीही मर्यादेवर आहे. हा नियम तरुण, सरावलेल्या माणसांसाठी आहे. आपण गुडघ्यापर्यंत थांबावे. वेडरवर, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखावर, कमरेचा पट्टा घट्ट बांधलेला असावा, हातात काठी असावी आणि प्रवाहाकडे तोंड करून बाजूबाजूने पावले टाकावीत. बुटांना लोकरी तळ आहे का हेही पाहावे. नदीतील शेवाळाचा प्रसार रोखण्यासाठी न्यूझीलंडने २००८ पासून असे तळ वापरण्यास बंदी केली आहे आणि इतरही काही ठिकाणी ती आहे.

खरे सांगायचे तर आपल्याला बोट अधिक सोयीची. गाइड वल्हे सांभाळतो, पुढे एक आणि मागे एक असे दोघे गळ टाकतात, आणि नदीचे बरेच अंतर एका दिवसात पाहून होते. बोटीला पुरेसे पाणी लागते, म्हणून बोटीची सहल हवी असेल तर अगदी आटलेल्या दिवसांच्या आधीच्या तारखा घ्याव्यात.

प्रश्न : आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी गाइडला काय काय विचारावे?

उत्तर : परवाना, विमा आणि साहित्य कोणाकडे, हे सर्वजण विचारतातच. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा : ठरलेल्या दिवशी ही नदी खराब असेल तर आपण मला कोठे न्याल? चांगल्या गाइडकडे याचे उत्तर तयार असते. धरणाखालचा एखादा टप्पा, एखादी झऱ्याची नदी, वरच्या अंगाचा एखादा ओढा. ज्याच्याकडे एकच नदी आहे आणि तरीही जो ‘काही काळजी करू नका’ एवढेच म्हणतो, त्याला मी आगाऊ रक्कम देणार नाही. नदी बदलण्याची मुभा आणि पूर किंवा बंदी आल्यास तारीख पुढे नेण्याची सोय, ही दोन्ही कलमे लेखी असावीत. हवामान वाईट असणे आणि नदी धोकादायक असणे यांतला निर्णय कोण घेणार, तेही त्यातच लिहून घ्यावे, आणि तो गाइडच्या हाती असलेला बरा.

शरदात जात असाल तर आणखी एक विचारावे : विणीच्या जागा आपण टाळता का? ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरदात अंडी घालतात, रेनबो आणि कटथ्रोट वसंतात. मादी शेपटीने तळची खडी उपसून जी घरटी करते, ती भोवतालच्या शेवाळलेल्या तळापेक्षा स्वच्छ आणि फिकट ठिगळांसारखी दिसतात. तेथील माशांवर गळ टाकू नये आणि त्या खडीवर मासे निघून गेल्यानंतरही कित्येक आठवडे पाय ठेवू नये, कारण अंडी आतच असतात.

आणि गाइडला आपल्याविषयी खरे सांगावे. आपण तीस फुटांपर्यंतच फेक करू शकत असाल तर तसेच लिहावे. मग तो उतरत्या, किंचित रंगीत पाण्यावर निम्फसारखी बुडणारी नकली माशी आणि इंडिकेटर (मासा लागल्याचे दाखवणारा तरंगता खुणेचा तुकडा) लावून जवळून मासेमारी करण्याचे दिवस सुचवेल, आणि झऱ्याच्या पारदर्शक नदीवर नेणार नाही. हे पत्र तारखा ठरण्याआधी गेले पाहिजे. सहलीच्या सकाळी सांगून त्याचा उपयोग होत नाही.